गुंड्याचं जेवणाचं स्टँड: दोन दिवसांचं काम, दोन महिन्यांच्या नोंदी

काम करता करता फोनमध्ये टिपत गेले होते, तेच थोडं नीट करून देतेय. कुणी घरी कुत्र्यासाठी असलं काही करायला बसलं असेल तर माझ्या चुका तरी टळतील. मी सुतार नाही. घरी एक ड्रिल आहे, एक जिगसॉ मशीन आहे (अरुंद पातं खालीवर करून लाकूड कापतं ते) जे आधी दोनदाच वापरलं होतं, आणि बाल्कनी आहे.

४ जानेवारी, शनिवार

आमचा कुत्रा गुंड्या ११ वर्षांचा झाला, वजन १९ किलो, जात विचारू नका, चार जातींचं मिश्रण आहे. पुढच्या पायांच्या सांध्यांना संधिवात आहे. जमिनीवरच्या बाऊलमधून खाताना पुढचे दोन्ही पाय फाकवून उभा राहतो आणि टाइल्सवर ते पाय हळूहळू बाहेर सरकत जातात, मग थांबतो, पाय गोळा करतो, परत खातो. त्यात बाऊल ढकलला जातो तो वेगळाच. जेवण सुरू होतं किचनच्या दारात आणि संपतं फ्रिजखाली.

तर ठरवलं, बाऊल उंचावर धरणारं स्टँड करायचं: एक फळी, बाऊल बसवायला दोन भोकं, चार पाय. सोपं आणि दिसायलाही बरं, कारण हे कायम हॉलमधून दिसणार.

जुन्या पुस्तकांच्या कपाटाची एक पांढरी फळी पडून होती, ती घ्यायची ठरली. पाय मात्र विकतचे मागवले, ते केसांच्या पिनेसारखे वाकवलेले काळे लोखंडी असतात ना, ते, २८ सेंमीचे. फोटोत फार सुंदर दिसत होते. उंचीचा विचार? केला नाही. २८ सेंमीचा सेट मिळत होता म्हणून २८.

५ जानेवारी, रविवार

स्टीलचा बाऊल फळीवर उलटा ठेवला, पेन्सिलनं भोवती गोल काढला, गोलाच्या आत ड्रिलनं १० मिमीचं भोक पाडलं, त्यातून जिगसॉचं पातं घातलं आणि कापत गेले. पाऊण तास लागला. गोल बऱ्यापैकी गोल आला, स्वतःवरच खूश झाले. बाऊल ठेवला आणि तो थेट भोकातून खाली माझ्या पायावर.

अर्थात पडणारच होता! बाऊल उलटा ठेवून मी त्याच्या काठाभोवती रेघ मारली होती, म्हणजे भोक काठाएवढं झालं, आणि काठ फळीवर टेकायला जागाच उरली नाही. भोक हवं काठाच्या खालच्या अंगाएवढं. हे इतकं उघड आहे की लिहायलाही लाज वाटते, पण नवऱ्याला गोल दाखवला होता तेव्हा तोही "छान आलंय" म्हणाला होता, म्हणजे मी एकटी नाही.

मग नीट माप घेतलं. बाऊलच्या काठाच्या लगेच खाली शिवणाचा दोरा एक वेढा गुंडाळला, जिथं टोक येतं तिथं पेननं खूण केली, दोरा सरळ करून पट्टीवर मोजला: ५०.९ सेंमी. भागिले ३.१४, म्हणजे व्यास १६.२. काठाचा बाहेरचा व्यास १८.५. दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं, पण अंगाच्या जवळचं, कारण काठ जितका जास्त टेकेल तितकं चांगलं. १६.६ धरलं. कंपास एवढा मोठा नव्हता, म्हणून पुठ्ठ्याची पट्टी घेतली, एका टोकाला टाचणी, टाचणीपासून ८.३ सेंमीवर पेन्सिलच्या टोकाएवढं भोक, आणि पट्टी फिरवली. बाजारच्या कंपासपेक्षा बरं काम होतं.

फळी लांब होती म्हणून चुकलेलं टोक कापून टाकलं आणि उरलेल्यात दोन नवीन भोकं पाडली. कापताना पांढऱ्या लॅमिनेटच्या कपच्या उडाल्या, भोकाच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायला लागलं. काठाखाली झाकलं जाईल म्हणून सोडून दिलं. हे सोडून देणंच पुढं नडलं.

आजचे तास: साडेपाच.

८ जानेवारी, बुधवार

पाय आले, लावले. दिसायला एकदम मासिकातल्यासारखं. फोटो काढले, ताईला पाठवले, तिचे तीन हार्ट आले.

गुंड्यानं मान वर करून खाल्लं. वर करून. कुत्रा मान खाली घालून खातो आणि इथं बिचारा कुणी कपाटावर ठेवलेलं काढून खावं तसा हनुवटी उचलून खात होता, आणि अर्धं खाणं तोंडाच्या बाजूनं खाली. वर त्यानं काठावर तोंडानं जरा दाब दिला की अख्खं स्टँड डुलायचं. ते पिनेसारखे पाय मुळात लवचिक असतात, रोपाच्या कुंडीखाली ठीक आहेत, १९ किलोच्या कुत्र्याच्या थोबाडाखाली नाही.

तरी म्हटलं सवय होईल. आठवडाभर ठेवू.

१५ जानेवारी, बुधवार

सवय झाली नाही, फळी मात्र फुगली.

पाण्याच्या बाऊलच्या भोवतीनं, बरोबर गोलाला धरून, फळी वर आली आहे, बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. काठाखाली बघितलं तर कापलेली कड ओल्या बिस्किटासारखी, नखानं भुगा निघतो. कपाटाच्या फळ्या म्हणजे आत दाबलेला भुसा आणि वरून लॅमिनेट. वरून पाणी पडलं तर काही होत नाही, पुसलं की झालं. पण भोक पाडलं की भुसा उघडा पडतो, आणि मी ती कड बंदच केली नव्हती. कुत्रा पाणी पिताना जीभ मागच्या बाजूला वळवतो आणि आपटून वर ओढतो, त्यामुळे निम्मं पाणी बाहेरच. आणि बाहेर म्हणजे बरोबर काठावर, काठावरून काठाखाली, काठाखालून कडेत. सगळं पाणी जिथं जातं तीच एक जागा मी उघडी ठेवली होती.

पैशांचं म्हणाल तर या सगळ्या कामात सगळ्यात महाग पडली ती ही फुकटची फळी. पाय वाया, नऊ तास वाया. पाय काढून ठेवलेत, कुंडीखाली जातील.

१६ आणि १७ जानेवारी

या वेळी आधी उंची. कामाची गोष्ट सांगायची तर या सगळ्यात हे दोन दिवस सर्वात उपयोगी ठरले आणि त्यात काहीच बनवलं नाही.

आधी डॉक्टरांना फोन केला, कारण उंचावरून खाणं चांगलं असं सगळीकडे सांगतात पण उलटंही वाचलं होतं. पर्ड्यू विद्यापीठाचा २००० सालचा एक अभ्यास आहे, त्यात मोठ्या आणि अतिमोठ्या जातींच्या कुत्र्यांमध्ये उंचावरचा बाऊल आणि पोट फुगून पीळ पडण्याचा धोका यांचा संबंध दिसला होता. पोटाला पीळ पडणं म्हणजे तासांचा खेळ, जीव जातो. डॉक्टर म्हणाल्या, गुंड्या मध्यम आहे आणि त्याचा प्रश्न सांध्यांचा आहे, तेव्हा थोडं उंच करायला हरकत नाही, पण गरजेपुरतंच करा, छातीपर्यंत नेऊ नका. तुमचा कुत्रा मोठा, खोल छातीचा असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि सांधे धडधाकट असतील तर मला वाटतं दिसायला छान म्हणून उंच करायची काही गरज नाही.

मग पुठ्ठ्याचे खोके आणि जाड पुस्तकं रचून त्यावर बाऊल ठेवला, खाली ओलं फडकं, सरकू नये म्हणून. प्रत्येक जेवणाला वेगळी उंची, जमिनीपासून बाऊलच्या काठापर्यंत. नवऱ्यानं बाजूला बसून व्हिडिओ काढले.

१० सेंमी: पाय अजून फाकतात, पण कमी.
१५: पाय सरळ, पाठ जरा खाली झुकलेली.
२०: पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मान खाली, हनुवटी बाऊलच्या काठाच्या वर. एकदाही थांबला नाही.
२५: हनुवटी काठाला घासायला लागली, खाणं बाहेर.

तर २०. गुंड्याची जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची ५२ सेंमी आहे, पण त्यावरून तुमचं गणित काढू नका, खोके रचा. माप घेताना कुत्रा मान ताठ करून उभा असतो, कारण तुम्ही टेप घेऊन त्याच्या मागे लागलेले असता. खाताना त्याचं अंग वेगळंच असतं.

१८ जानेवारी, शनिवार

आमच्या ओळखीचे एक सुतारकाका आहेत, त्यांना फोन लावला. फुगलेल्या फळीचा फोटो आधीच पाठवला होता.

"अगं, हे काय घेतलंस तू?"

"काका, घरात होतं."

"घरात रद्दीपण असते. पाण्याचं काम आहे ना? मग पाण्याला टिकणारा प्लाय घे, १८ मिमीचा. आणि तरी कडा बंद कर. प्लाय टिकतो म्हणून उघडा ठेवू नको."

डिझाइन बदललं. पायांचा नाद सोडला, आता खोका: वर एक तुकडा, दोन बाजूला उभे तुकडे, मागे एक पट्टी. समोरून उघडं. वरचा तुकडा ५६ बाय २८ सेंमी. बाजूचे तुकडे १८.२ उंच, म्हणजे वरच्या १.८ सकट बरोबर २०. प्लायच्या कडेचे थर दिसू द्यायचे, ते छान दिसतात, बाजूंना गडद हिरवा रंग, वर लाकडाचा रंग तसाच. साधं. मला उगाच नक्षी, पंजाचे ठसे, हाडाचे आकार असलं काही नको होतं, स्वयंपाकघरात बसेल असं हवं होतं.

सरळ काप दुकानातच मारून घेतले. घरी जिगसॉनं ५६ सेंमी सरळ कापायचा प्रयत्न करू नका, पातं जाईल तिकडे जातं. गुण्या लावून बघितलं, चारही कोपरे काटकोनात.

भोकांची जागा कागदावर काढली, कारण इथं अजून एक फसवी गोष्ट आहे: अंतर भोकांमधलं नाही, काठांमधलं धरायचं. दोन काठ १८.५ चे म्हणजे ३७, उरले १९, मध्ये ८ ठेवले आणि दोन्ही टोकांना साडेपाच साडेपाच. म्हणजे भोकाचं केंद्र टोकापासून १४.७५ वर. आधी पुठ्ठ्यात कापून बाऊल ठेवून बघितले. या वेळी पायावर काही पडलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

भोकं. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या बाजूला कपच्या उडतात. हे मला आधी माहीत असतं तर पांढऱ्या फळीचं थोबाड वाचलं असतं. आता चांगली बाजू खाली ठेवली, रेघ मागच्या बाजूला मारली, आणि दोन्ही बाजूंना कागदी टेप चिकटवून टेपवरून कापलं. बारीक दातांचं अरुंद पातं लावलं, गोल वळायला रुंद पातं चालत नाही.

पहिलं भोक मस्त. दुसऱ्याला घाई केली, मशीन पुढं दाबत राहिले, आणि १८ मिमी जाडीत पातं आतल्या आत वाकलं. बघायला गोल, पण एका बाजूनं भोक खाली निमुळतं, बाऊल अर्ध्यात अडकला. नशीब, कमी कापलं होतं, जास्त नाही. काचेच्या गोल बरणीला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला आणि घासत बसले, चाळीस मिनिटं, हात भरून आले, पण बरणीमुळे गोलाई बिघडली नाही. नंतर १२० नंबरचा, मग २२०, आकडा मोठा तितका पेपर बारीक.

गुंड्याला दाराबाहेर ठेवलं होतं तर तासभर रडला, शेवटी आत घेतला आणि पाच मिनिटांत भुशाचे पंजे घरभर. मास्क लावा, प्लायचा भुसा बारीक असतो आणि नाकात बसतो.

तास: सहा, त्यातले दोन निव्वळ घासण्याचे.

२१ जानेवारी, मंगळवार

जोडणी. काकांनी सांगितलं होतं की प्लायच्या कडेत स्क्रू मारताना आधी पातळ ड्रिलनं वाट कर आणि टोकापासून लांब राहा. पहिल्या स्क्रूला वाट केली नाही. (काकांना सांगू नका.) स्क्रू आत जाताना कडेचे थर उघडले, पुस्तकाची पानं उघडावीत तसे, आणि बाहेरच्या बाजूला फुगवटा. स्क्रू काढला, फटीत काडीनं पांढरा लाकडाचा गोंद भरला, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवलं. सकाळी पॉलिश पेपर मारल्यावर शोधावं लागतं, पण मला कुठे आहे ते माहीत आहे आणि मला तेच दिसतं.

बाकी सगळे स्क्रू वाट करून, टोकापासून ४ सेंमी सोडून, गोंद आणि स्क्रू दोन्ही. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं लगेच पुसला. जिथं राहिला तिथं नंतर फिनिश (वरून लावायचा पाणी अडवणारा थर) धरत नाही, डाग दिसतो, मागच्या पट्टीवर आहे एक.

२५ जानेवारी, शनिवार

फिनिश कुठलं यावर तीन दिवस गेले. तेलाचं फार सुंदर दिसतं पण पाण्याच्या बाऊलखाली सारखं परत लावत बसावं लागलं असतं. शिवाय जवसाचं तेल भिजलेली फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, ती पसरून वाळवायची असतात, आणि आमच्या घरात फडकी पसरून ठेवली तर गुंड्या त्यावर झोपतो. सोडून दिलं. पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन वॉर्निश घेतलं, मॅट.

पहिल्या हाताआधी पूर्ण लाकूड ओल्या फडक्यानं पुसून वाळू दिलं, तंतू वर उभे राहतात, हाताला खरखर लागते, मग ते २२० नं हलकेच घासले. हे केलं नाही तर पहिल्या हातानंतर तेच होतं आणि आपण ब्रशला शिव्या देतो.

वरच्या बाजूला तीन हात. भोकांच्या कडांना पाच. कडांवरचा पहिला हात लावला आणि बघता बघता तो गायब, कड पिऊन टाकते, दुसराही जवळजवळ तसाच, चौथ्यानंतर कुठे चकाकी राहायला लागली. पांढऱ्या फळीत काय झालं असेल ते डोळ्यांसमोर दिसत होतं. बाऊल ठेवल्यावर या कडा कुणाला दिसणार नाहीत, पण सगळं स्टँड उभं आहे ते यांच्यावरच. भोकाच्या खालच्या बाजूची कड विसरू नका, मी आरशात बघून लावली. खोक्याचे तळ पण, जमिनीवर ओलं असतंच.

२८ जानेवारी, मंगळवार

वापरायला काढलं! हाताला सुकं लागतंय, चिकटत नाही, तीन दिवस झाले. गुंड्या न थांबता जेवला, पाय जागचे हलले नाहीत. हिरवा रंग काय दिसतोय.

३१ जानेवारी, शुक्रवार

बाऊल धुवायला उचलला तर उचलला जाईना. जोर लावला, टर्र आवाज आला आणि बाऊलच्या काठाला चिकटून फिनिशचं एक वळं सोलून आलं. भोकाभोवती चंद्रकोरीएवढं लाकूड उघडं.

डब्यावर लिहिलेलं होतं. दोन तासांत सुकतं हे मोठ्या अक्षरात, पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात हे बारीक अक्षरात. सुकणं वेगळं आणि मुरणं वेगळं. वरून सुकलेलं असतं, आत मऊ, आणि त्यावर पाण्यानं भरलेला जड स्टीलचा काठ तीन दिवस दाबून बसला तर तो त्यात रुतणारच.

२ फेब्रुवारी, रविवार

सोललेला भाग ३२० नं घासला, कडेचा उंचवटा जाईपर्यंत, मग परत तीन हात. आणि स्टँड उचलून कपाटावर. दोन आठवडे कुणीही हात लावायचा नाही. तोवर गुंड्या पुस्तकांच्या थप्पीवर जेवतोय आणि त्याला काहीही फरक पडत नाही, सासूबाई म्हणाल्या, "हेच ठेव की मग." उत्तर नव्हतं माझ्याकडे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे पूर्ण. कोपऱ्यात नख दाबून बघितलं, खूण उठत नाही. वापर सुरू.

संध्याकाळी एक नवीन शहाणपणा केला. वर सांडलेलं पाणी समोरून खाली ओघळतं म्हणून तीन बाजूंना १ सेंमी उंचीची लाकडी पट्टी लावली, ट्रेसारखी, सिलिकॉननं चिकटवून. ते सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास मारतं. गुंड्या दोन पावलं आला, नाक वर केलं, माझ्याकडे असा बघितला की मीच त्याच्या ताटात काहीतरी केलंय, आणि निघून गेला. रात्री जेवला नाही. खिडकीपाशी ठेवून दीड दिवसानं वास गेला, मग आला. वास न येणारं सिलिकॉनही मिळतं, न्यूट्रल म्हणतात त्याला, मला दुकानात कुणी विचारलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पट्टी काढली. पाणी खाली ओघळत नव्हतं हे खरं, कारण ते वरच कोपऱ्यात साचून राहत होतं, आणि आठवड्यात पट्टीच्या बुडाशी काळी रेघ धरली. रोज दोनदा पुसायचं असेल तर पट्टी ठीक आहे. मी रोज दोनदा पुसणारी बाई नाही. सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढलं, स्टँडखाली काठ असलेली सिलिकॉनची मॅट टाकली, पाणी तिच्यात पडतं, संध्याकाळी ती सिंकमध्ये उलटी केली की झालं. जास्त पाणी वर थांबवण्यापेक्षा लवकर खाली जाऊ दिलेलं बरं.

स्टँड सरकू नये म्हणून तळाला चार रबरी बुटं लावली, स्क्रूवाली, चिकटणारी नाही, चिकटणारी ओल्यात सुटतात. तळ जमिनीपासून वर राहिला हा दुसरा फायदा.

राहिले दोन त्रास. एक, आवाज. बाऊल भोकात ४ मिमी मोकळा असल्यामुळे गुंड्या चाटायला लागला की तो फिरतो आणि खडखडतो, सकाळी सहाला पूर्ण घर उठतं. दोन, बाऊल बाहेर काढता येत नाही, काठ लाकडाला इतका सपाट टेकतो की नखं घालावी लागतात.

आवाजासाठी काठाखाली फोमची टेप लावली. चार दिवसांत ती पाणी पिऊन स्पंज झाली आणि तिला वास यायला लागला, तो वास मी वर्णन करणार नाही. मग छोटी पारदर्शक रबरी टिकली लावली, चार. तिसऱ्या दिवशी तीन होत्या. चौथी कुठे गेली हे दोन दिवस लक्ष ठेवून कळलं, बाहेर आली एकदाची, पण असली सुटी चिकटणारी वस्तू कुत्र्याच्या तोंडाजवळ लावू नका.

९ मार्च, रविवार

दोन्ही त्रास एकदम गेले. फिश टँकच्या हवेच्या पंपाला लावतात ती सिलिकॉनची पातळ नळी, बाहेरून ६ मिमी जाड, तिचा ५० सेंमीचा तुकडा कापला, दोन टोकं आतून एक कडक प्लॅस्टिकचा बारीक तुकडा घालून जोडली, आणि ते वळं बाऊलच्या अंगावर काठाखाली चढवलं. अंगाचा घेर ५०.९ आहे, नळी त्याहून किंचित कमी, म्हणजे ताणून बसते, निघत नाही. बाऊल आता लाकडावर नाही, नळीवर टेकतो. खडखड बंद. फिरणं बंद. आणि बाऊल ६ मिमी वर आल्यामुळे काठाखाली बोट जातं! उचलायला नखं लागत नाहीत, काठाखाली हवा खेळते त्यामुळे ओल राहत नाही, नळी बाऊलबरोबरच धुतली जाते. हे मी ठरवून केलं असतं तर किती हुशार म्हटलं असतं.

आज दोन्ही बाऊल काढून भोकांच्या कडांवर बोट फिरवलं. खाण्याची बाजू कोरडी, जशी होती तशी. पाण्याच्या बाजूला, जिथं ३१ जानेवारीला सोललं होतं तिथं, बोटाच्या पेराएवढा भाग जरा गडद दिसतोय, फुगलेला नाही. त्याला पुढच्या रविवारी अजून दोन हात, आणि दोन आठवडे परत पुस्तकांची थप्पी.

हिशोब: पांढऱ्या फळीचे नऊ तास धरून एकूण एकतीस तास. नुसतं प्लायचं स्टँड चुका न करता केलं तर बारा तासांत व्हावं, अधिक फिनिश मुरायचे दोन आठवडे, ते कापता येत नाहीत.

दुपारी ताईचा फोन. तिच्याकडचं कुत्रं गुंड्याच्याच वयाचं आहे.

"मापं पाठव ना तुझी, मी पण करते."

म्हटलं, "ताई, माझी मापं माझ्या बाऊलची आहेत. तू तुझा बाऊल घे, काठाच्या खाली दोरा गुंडाळ आणि मोज."

"बरं बरं, कळलं."

संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. लाल दोरा, व्यवस्थित ताणलेला, बाऊलच्या काठावरून.